डिअर, मृग आणि जनावर

माझी भाची दुसरीत आहे. मागच्या शनिवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. वही कॅमेऱ्याच्या इतकी जवळ धरली होती की मला फक्त एक लाल गोल दिसत होता. 'डिअर्स' या शब्दातल्या शेवटच्या एसला मिसने तो गोल केलेला. तिचं म्हणणं असं की दोन कॅट्स, दोन डॉग्ज, दोन रॅबिट्स, मग दोन डिअरच का? मिसला विचारलं तर मिस म्हणाल्या, 'तसंच असतं.'

'तसंच असतं' हे उत्तर आमच्या धंद्यातही फार चालतं. दहा वर्षांपूर्वीच्या कोडमधली एखादी विचित्र ओळ दाखवून ही का आहे असं विचारा, सीनियर माणूस खुर्ची न वळवता म्हणतो, 'तसंच आहे, हात लावू नकोस.' पण त्या ओळीमागे कधीतरी कुणीतरी, काहीतरी कारणाने बसलेलं असतंच. भाचीला मी सांगितलं, 'एक ससा दोन ससे, पण एक मोर दोन मोर, एक वाघ दोन वाघ. मोराला आणि वाघाला आपण तरी कुठे काय लावतो?' तिचं समाधान झालं आणि ती खेळायला गेली. माझा वीकेंड मात्र या डिअरच्या मागे धावण्यात गेला. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

पहिल्यांदा तो एस. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या, नामांना आपल्यासारखीच तीन लिंगं होती. तो, ती, ते. हा शब्द तेव्हा साधारण 'देओर' असा होता आणि तो नपुंसकलिंगी होता. अशा काही नपुंसकलिंगी नामांचं अनेकवचन करताना काहीच लागायचं नाही. शीप आणि स्वाइन, म्हणजे मेंढी आणि डुक्कर, त्याच गटातले. गंमत म्हणजे हॉर्स आणि थिंगसुद्धा त्याच गटातले होते. पुढे भाषेतून लिंगं गेली, एस लावायचा नियम सरसकट झाला, हॉर्स आणि थिंग त्या नियमात आले. डिअर, शीप, स्वाइन जुन्या नियमावर बसून राहिले. थोडक्यात, लेगसी कोड.

डिअर का बसून राहिलं, यात शिकाऱ्यांचाही हात असावा असं मानायला जागा आहे. शिकारी लोकांच्या इंग्रजीत शिकारीच्या प्राण्याला एस न लावण्याची एक लकब आहे. जुन्या शिकारकथांमध्ये साहेब 'थ्री टायगर' किंवा 'टू लायन' मारतो, टायगर्स नाही. शिकारी या गोष्टीत पुढे बरेचदा येणार आहे, म्हणून आत्ताच त्याची ओळख करून दिली.

आता खरी गंमत. हजार वर्षांपूर्वीच्या त्या 'देओर'चा अर्थ हरीण नव्हताच. त्याचा अर्थ होता प्राणी. चार पायांचं कुठलंही रानटी जनावर म्हणजे देओर. कोल्हा देओर, लांडगा देओर, अस्वलही देओर. हरणासाठी वेगळे शब्द होतेच. नराला हार्ट आणि मादीला हाइंड म्हणत. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये (१६०६ च्या आसपासचं नाटक) वेड्याचं सोंग घेतलेला एडगर आपण काय काय खाऊन जगतो ते सांगताना उंदरा-घुशींना डिअरमध्ये धरतो. शेक्सपिअरच्या काळात हा अर्थ जुनापुराणा झाला होता, एका जुन्या कथाकाव्यातून तो नाटकात आला. पण कानाला अगदीच परका नसणार, नाहीतर रंगमंचावर चालला नसता.

इंग्रजीच्या सख्ख्या बहिणींनी तो जुना अर्थ अजून सांभाळून ठेवलाय. जर्मनमध्ये 'टिअर' म्हणजे प्राणी. स्वीडिशमध्ये 'यूर', प्राणी. डचमध्ये तर शब्दाचा उच्चार जवळपास 'डीर' असाच आहे आणि अर्थ प्राणी. आमच्या टीमबरोबर काम करणारा एक जर्मन इंजिनिअर आहे. त्याला सोमवारच्या कॉलवर विचारलं, तर तो म्हणाला की लहानपणी इंग्रजी शिकताना त्यांनाही याची वेगळी ताकीद मिळते. टिअर म्हणजे डिअर नव्हे. प्राणिसंग्रहालयाला जर्मनमध्ये 'टिअरगार्टन' म्हणतात, म्हणजे प्राण्यांची बाग. इंग्रज माणसाच्या कानाला ती हरणांची बाग वाटत असेल. हा टिअरगार्टन शब्द लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

खुद्द इंग्रजीतही जुना अर्थ एका शब्दात लपून बसलाय. 'विल्डरनेस'. आपण त्याचं भाषांतर अरण्य, रान, निर्जन प्रदेश असं काहीही करतो. पण त्याच्या पोटात 'वाइल्ड' आणि 'देओर' आहेत. रानटी प्राण्यांची जागा ती विल्डरनेस. वाइल्डच्या पुढे तो जो 'अर'सारखा आवाज येतो ना, ते डिअर आहे.

मग इतका मोठा शब्द एवढासा का झाला?

इथे १०६६ साल येतं. त्या वर्षी फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला. नॉर्मन सरदारांना शिकारीचं वेड होतं. विल्यमने शिकारीसाठी मोठमोठे प्रदेश राखून ठेवले. दक्षिण इंग्लंडमधलं 'न्यू फॉरेस्ट' त्याने १०७९ मध्ये राखलं आणि त्याचं नाव आजही तेच आहे. मुळात 'फॉरेस्ट' हा शब्द तेव्हा झाडांबद्दल नव्हताच, तो कायद्याचा शब्द होता. राजाचा वनकायदा लागू असलेला प्रदेश तो फॉरेस्ट, मग तिथे झाडं असोत, माळ असो की गावं. आपल्याकडे 'राखीव जंगल' म्हणताना जोर जसा 'राखीव'वर असतो, तसंच काहीसं. (१८७८ च्या वन कायद्याने आपल्या जंगलांवर तो 'राखीव'चा शिक्का मारला तोही इंग्रजांनीच. असो.)

या फॉरेस्टमध्ये हरीण मारायचा हक्क राजाचा. विल्यम १०८७ मध्ये वारला, तेव्हा पीटरबरोच्या मठातल्या इतिवृत्तात त्याच्याविषयी जी नोंद झाली तीत लिहिलंय की जो कुणी हार्ट किंवा हाइंड मारील त्याचे डोळे काढावेत असा त्याचा नियम होता. वर टोमणा असा की राजाची हरणांवर अगदी बापासारखी माया होती. मला त्या नोंदीतली एक बारीक गोष्ट फार आवडली. तिथे हरणांसाठी वापरलेला शब्द 'उंच देओर' असा आहे. म्हणजे १०८७ मध्ये नुसतं देओर म्हणून भागत नव्हतं. कुठला प्राणी ते सांगायला विशेषण लावावं लागत होतं.

पुढच्या चारशे वर्षांत ते विशेषण गळून पडलं. फ्रेंचमधून 'बीस्ट' आला, लॅटिनमधून 'अ‍ॅनिमल' आला, सर्वसाधारण प्राण्याचं काम त्यांनी वाटून घेतलं. आणि डिअरला उरला तो एकच प्राणी, ज्याच्यामागे राजा धावत होता. त्याच्या मांसाचा शब्दही तसाच. 'व्हेनिसन' म्हणजे आज हरणाचं मांस, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिकार. रानडुकराचं काय, सशाचं काय, शिकार करून आणलेलं मांस ते व्हेनिसन. तेही आक्रसून हरणापुरतं उरलं.

एका शब्दाचा अर्थ आक्रसला, यात विशेष काय? असे शेकड्याने शब्द आक्रसतात. पण इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ज्या काळात सामान्य माणसाच्या तोंडी 'प्राणी' हा शब्द 'हरीण' होत होता, त्याच काळात हरीण त्याच्या ताटातून कायद्याने काढून घेतलं गेलं होतं. १२१७ मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या नावाने वनाची सनद निघाली. तीत कबूल केलंय की इथून पुढे राजाच्या हरणापायी कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. दंड होईल, दंड भरता आला नाही तर वर्ष आणि एक दिवस कैद होईल. म्हणजे तोवर माणसांचे जीव आणि अवयव जात होते. ज्या प्राण्यासाठी डोळे जाऊ शकतात, त्याला वेगळं विशेषण लावायची गरज पडत नाही. 'तो प्राणी' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

इथपर्यंत वाचून झाल्यावर मला सारखं वाटत होतं की ही गोष्ट आपण आधी कुठेतरी ऐकली आहे. ऐकली होतीच. आपल्याच घरात.

मृग म्हणजे काय? हरीण. कांचनमृग, कस्तुरीमृग, मृगनयनी, मृगजिन. मग मृगेंद्र म्हणजे? सिंह. मृगराज? सिंहच. हरणांचा राजा सिंह कसा असेल? खाणारा आणि राजा यांत काही वेळा फरक नसतो हे मान्य, पण इथे तसं नाही. आणि शाखामृग म्हणजे? माकड. फांदीवरचं हरीण नव्हे, फांदीवरचा प्राणी.

ऋग्वेदात मृग म्हणजे रानटी प्राणी. देवाच्या पराक्रमाला डोंगरात फिरणाऱ्या भयंकर मृगाची उपमा दिलेली आहे. तिथे हरीण घेतलं तर देवाचा अपमानच व्हायचा. हत्तीला तर ऋग्वेदात 'हस्तिन् मृग' म्हटलंय, म्हणजे हात असलेला प्राणी. सोंड बघून कुणालातरी हात आठवला. मग पुढे विशेषण पुरेसं झालं, मृग गळाला आणि हस्तिन् चा हत्ती झाला. म्हणजे तिकडे 'उंच देओर'मधलं विशेषण गळलं आणि नाम उरलं, इकडे 'हस्तिन् मृग'मधलं नाम गळलं आणि विशेषण उरलं.

आणि मृग आक्रसून हरीण का झाला? कारण तेच. मृगया. संस्कृतात 'मृग्' धातूचा अर्थ शोधणं, मागे लागणं. मृगया म्हणजे शिकार. दुष्यंत काय, पांडू काय, दशरथ काय, आपल्या कथांतला राजा घोटाळ्यात सापडतो तो बहुतेक वेळा मृगयेला निघाल्यावर. ज्याच्यामागे राजा लागतो तो मृग.

म्हणजे दोन भाषा, एकमेकींपासून हजारो मैल लांब, आणि शब्दही वेगळे. डिअर आणि मृग यांचा मुळात एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघांचा प्रवास अगदी एकसारखा. आधी सगळे प्राणी, मग फक्त हरीण. आणि वळणावर दोन्ही ठिकाणी धनुष्य घेतलेला राजा उभा.

वर आकाशातही हेच चित्र आहे. हिवाळ्यात रात्री गच्चीवर गेलात तर चार ठळक तारे चौकोनात आणि मध्ये एका रेषेत तीन तारे दिसतात. ग्रीकांनी त्यात ओरायन पाहिला, म्हणजे शिकारी. ते तीन तारे त्याचा कमरपट्टा. आपल्याकडे त्याच चौकोनाला मृग म्हणतात, चार तारे चार पाय, आणि मधले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. बाण सोडणारा व्याध खाली बाजूला लखलखत असतोच. ऐतरेय ब्राह्मणात याची कथा आहे, प्रजापतीने मृगाचं रूप घेतलं आणि रुद्राने त्याला बाण मारला. म्हणजे तेच तारे, पण ग्रीकांना त्यात मारणारा दिसला आणि आपल्याला ज्याला बाण लागला तो. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये मृगशीर्षावरून वेदांचा काळ ठरवायला एक अख्खं पुस्तक लिहिलं. ते इंग्रजीत असल्याने त्याचं नाव 'ओरायन' ठेवावं लागलं. पुस्तक हरणाबद्दल, नाव शिकाऱ्याचं.

पण मराठीत मृगाची गोष्ट इथे थांबत नाही. आमच्या गावाकडे कुणालाही विचारा, मृग म्हणजे काय? हरीण कुणीच म्हणणार नाही. मृग म्हणजे पाऊस. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो. 'मृग लागला का?' 'यंदा मृग कोरडा गेला.' 'मृगाची पेरणी साधली.' मातीतून लाल मखमली किडा वर आला की तो मृगाचा किडा. गावाकडच्या शेतकऱ्याने मृग नावाचं चार पायांचं जनावर बघितलेलं नसतं आणि त्याची त्याला गरजही नसते. त्याचं वर्ष ज्याच्यावर टांगलेलं असतं तो हा मृग. आकाशातल्या हरणाकडे शिकाऱ्याने बघितलं तेव्हा बाण दिसला, शेतकऱ्याने बघितलं तेव्हा ढग दिसले.

आता बंगलोरकडे या. इथे नोकरीला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात टीम म्हैसूरला गेली होती. प्राणिसंग्रहालयाच्या पाट्यांवर कन्नडमध्ये शब्द होता 'मृगालय'. आत वाघ, जिराफ, हत्ती, मगरी. हे संग्रहालय १८९२ पासूनचं आहे. मी शेजारच्या कन्नडिग मित्राला विचारलं, मृग म्हणजे? तो म्हणाला, 'अ‍ॅनिमल. व्हाय?' कन्नडमध्ये मृग म्हणजे आजही प्राणी. तेलुगूतही. मल्याळममध्ये मृगम् म्हणजे प्राणी आणि झू म्हणजे मृगशाला. तमिळमध्ये मिरुगम्, तेच. समुद्र ओलांडून जकार्ताला गेलात तर तिथल्या रागुनानच्या झूचं नाव 'तामान मार्गासात्वा' असं आहे. तामान म्हणजे बाग आणि मार्गासात्वा म्हणजे वन्यप्राणी. मृग आणि सत्त्व, दोन्ही आपलेच.

आणि गंमत बघा, मृगालय आणि टिअरगार्टन हे रचनेने जुळे भाऊ आहेत. इंग्रजी आणि मराठी या दोन भाषांनी शब्द हरणापुरता आक्रसून घेतला, आणि दोघींच्या शेजारणींनी, तिकडे जर्मनने आणि इकडे कन्नडने, जुना अर्थ तसाच ठेवला. त्यामुळे जर्मन माणूस लंडनला आणि कन्नड माणूस पुण्याला आला की एकाच जागी अडखळणार.

याच शब्दाचा एक चुलतभाऊ पश्चिमेला इराणात गेला. अवेस्ताच्या भाषेत 'मरघ'सारखा एक शब्द आहे. तो आणि मृग एकाच घरातले, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. पण तिथे त्याचा अर्थ झाला पक्षी. फारसीत तो 'मुर्ग' झाला. पुढे तोही आक्रसला. हिंदुस्तानात येईपर्यंत मुर्ग म्हणजे कोंबडा. सगळ्या पक्ष्यांमधून उरला तो एकच, जो हंडीत जातो. शिकारी जाऊन खानसामा आला, एवढाच फरक.

आणि आता या लेखातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. मराठीत ऑस्ट्रिचला काय म्हणतात? शहामृग. लहानपणापासून आपण हा शब्द वापरतो. पण पक्ष्याच्या नावात मृग काय करतोय? तो आपला मृग नाही. तो फारसीतला मुर्ग. शहा-मुर्ग, पक्ष्यांचा बादशहा. मराठी माणसाने तो ऐकला आणि त्याला ओळखीच्या मृगाचं रूप देऊन टाकलं. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी घरातून गेलेला भाऊ फारसी वेषात परत आला आणि कुणी न सांगता त्याला त्याचं जुनं नाव परत मिळालं. भाचीला हे सांगितलंय. आता वर्गात ती मिसना काय विचारेल ते देव जाणे. :)

हे सगळं वाचताना एक शब्द मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हता, आणि तो कुठल्याच कोशात शोधायची मला गरज नव्हती. जनावर.

जनावर हाही फारसीच. जान असलेलं ते जानवर. पण आमच्या गावात त्याचे अर्थ दोन. दिवसा जनावर म्हणजे गुरं. जनावरांचा बाजार, जनावरांचा दवाखाना, 'जनावरांना पाणी दाखवलं का?' यात मांजर येत नाही, कोल्हा येत नाही. बैल, गाय, म्हैस. आणि अंधार पडला की जनावर म्हणजे साप. 'बॅटरी घेऊन जा रे, वाटेत जनावर असतं,' असं आजी म्हणायची तेव्हा ती बैलाबद्दल बोलत नसायची.

आजोबांच्या धाकट्या भावाला ऐन विशीत शेतात पान लागलं. चावला म्हणत नाहीत आमच्याकडे, पान लागलं म्हणतात. तालुक्याच्या गावी नेईपर्यंत ते गेले. त्यानंतर आजीने त्या प्राण्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. जनावर, लांबडं, नाहीतर नुसतं 'ते'. मी इंजिनिअरिंगला असताना एकदा तिला गंमत म्हणून सांगितलं होतं की आजी, जनावर म्हणजे कुठलाही प्राणी. ती म्हणाली, 'असंल. पर अंधारात येकच.'

आजीचं ते वाक्य म्हणजे या सगळ्या शोधाचं उत्तर आहे असं मला वाटतं. प्राणी खूप असतात, पण जगण्याच्या अंधारात एकच असतो. शिकारी राजासाठी तो हरीण. शेतकऱ्यासाठी दिवसा तो बैल. उघड्या पायाने बांधावरून चालणाऱ्या बाईसाठी तो साप. आणि ज्याची सत्ता किंवा ज्याची भीती मोठी, त्याचा अर्थ भाषेत रुजतो. इंग्लंडात राजाचा अर्थ रुजला. आमच्या गावात आजीचा.

मूळ अर्थांकडे परत गेलं तर आणखी एक गोष्ट दिसते. प्राणी म्हणजे प्राण असलेला, श्वास घेणारा. अ‍ॅनिमलच्या मुळाशी लॅटिन 'अ‍ॅनिमा', म्हणजे श्वास, प्राण. जनावर म्हणजे जान असलेलं. आणि डिअरचं मूळही श्वास घेण्याच्या एका अतिप्राचीन धातूकडे जातं असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. चार शब्द, चार घरांतले, आणि चौघांची सुरुवात एकच. माझ्यासारखाच श्वास घेणारा कुणीतरी समोर आहे. एवढंच आधी दिसलं. मग त्याचं काय करायचं हे ठरलं, मारायचं, जुंपायचं की टाळायचं, आणि त्याप्रमाणे अर्थ छोटे होत गेले.

आज आम्हा शहरातल्यांच्या तोंडी 'अ‍ॅनिमल' हा शब्द असतो. तो कशातच आक्रसलेला नाही. कारण आमच्या जगण्यात तो 'एकच' कुठला प्राणी उरलेलाच नाही. आमच्या ऑफिसात 'मशीन' म्हटलं की लॅपटॉप, विचारावंही लागत नाही. आईच्या घरात मशीन म्हणजे कपडे धुवायचं, मावशीच्या घरात शिलाईचं. ज्याच्यावर आपलं पोट किंवा आपला दिवस अवलंबून, त्याला साधं सामान्यनाम पुरतं. आमचं मशीन आक्रसलं आणि अ‍ॅनिमल पसरून चार्टवर जाऊन बसला. डी फॉर डिअर, ई फॉर एलिफंट.

शेवटचा एक शब्द. मार्ग. संस्कृत कोशांत मार्गाचा संबंध मृगाशी जोडलेला आहे. मृगाचा माग, त्याची वाट, ती मार्ग. मृगशीर्षावरून मार्गशीर्ष होतो तसाच हा. म्हणजे आपल्याकडे रस्ता आधी प्राण्यांनी पाडला. माणूस त्यांच्या मागावर चालत गेला, आणि पुढे त्या वाटेला आपली म्हणू लागला. महामार्ग या शब्दातही तो मृग आहेच, फक्त आता त्याला रस्ता ओलांडायची सोय नाही.

एका ठिकाणी मात्र ती सोय केलेली आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्रातल्या टप्प्यात रस्ता ९ ठिकाणी उचलून धरला आणि खालून प्राण्यांना जायला वाट ठेवली. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने त्या वाटांवर कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना सापडले. चितळ होतं, रानडुक्कर होतं, वाघही होता. वरून ट्रक जात असताना खालून हे सगळे चालले होते.

जुन्या माणसाने त्या १८ ही जातींना एकच शब्द वापरला असता. मृग. किंवा देओर. आणि ती वाट खऱ्या अर्थाने मार्ग झाली असती.